आपली सायकल, अपनी साइकिल

साहेबांनी विचारलं, "बाई, सायकली कुठे आहेत?"

"लोकायच्या घरी," मी म्हटलं.

"सगळ्या?"

"एक आहे. तिले चाक नाही म्हणून आहे."

हे बोलणं आमच्या स्टँडवर झालं. दिल्लीची पाहणी आठवड्यावर आली होती. स्टँड म्हणजे वर सिमेंटचे पत्रे, खाली सायकलीचं पुढचं चाक अडकवायला लोखंडी नळ्या. त्या नळ्यांत पिवळ्या सायकली ओळीने उभ्या असायला हव्या होत्या. तिथे एक कुत्री पिल्लांना पाजत होती. साहेब बराच वेळ तिच्याकडेच पाहत राहिले.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. मी तिथल्या पोलाद प्लांटच्या टाउनशिपच्या ऑफिसात मस्टरवर होते. मस्टर म्हणजे रोजची हजेरी. नाव लिहिलं तर त्या दिवसाची मजुरी, नाही लिहिलं तर तुम्ही कोण आणि आम्ही कोण. त्याआधी मी टॉकीजच्या सायकल स्टँडवर ठेकेदाराकडे होते. नवरा गेल्यावर तेच काम मिळालं. चौथी शिकलेल्या बाईला भिलाईत दोनच कामं मिळत, लोकांची भांडी किंवा लोकांच्या सायकली. भांड्यांपेक्षा सायकली बऱ्या. त्या खरकट्या नसतात.

स्टँडचं काम सोपं आहे, पण त्याला एक शिस्त असते. पत्र्याचे दोन बिल्ले, दोन्हींवर एकच नंबर. एक सायकलीच्या हँडलला बांधायचा, एक माणसाच्या हातात द्यायचा. परत आला की दोन्ही जुळवायचे. जुळले तर सायकल त्याची. तोंड ओळखीचं असलं तरी बिल्ला पाहायचा, कारण सिनेमा सुटल्यावर सगळ्यांनाच काळी सायकल आपली वाटते.

सायकली विचारणारे हे देशकर साहेब टाउनशिपमध्ये मोठ्या हुद्द्यावर होते. मूळ नागपूरचे. माणूस वाईट नव्हता. ट्रेनिंगसाठी परदेशात जाऊन आले होते, एवढाच दोष. तिथल्या कुठल्याशा शहरात म्हणे सायकली रस्त्यावर उभ्या असतात. ज्याला पाहिजे तो घेतो, काम झालं की ठेवून देतो, मग ती दुसरा घेतो. साहेबांनी ते पाहिलं आणि आमच्या नशिबी आणलं.

गरज नव्हती असं नाही. भिलाई फुगत चालली होती. सेक्टर भरले, मग सेक्टरांच्या बाजूला वस्त्या उठल्या, मग वस्त्यांच्या बाजूला. बस मुख्य रस्त्याने जायची आणि दारात लटकलेल्या माणसाला उतरतानाच बसायला मिळायचं. ज्याच्याकडे स्कूटर होती तो राजा. बाकी पायी. साहेब म्हणाले, "शहर वाढतंय, बाई. प्रत्येकाला सायकल देता येत नाही, पण प्रत्येक सायकल सगळ्यांना देता येते." वाक्य चांगलं होतं. त्यांनी ते नंतर बऱ्याच जणांना ऐकवलं.

सेक्टरांतून तीन-चार स्टँड बांधले, एक प्लांटच्या गेटजवळ. सेक्टरातल्या एका स्टँडवर मला राखणदार म्हणून बसवलं. पिवळ्या रंगाच्या नव्या सायकली आल्या. कुठूनही घ्यायची, कुठेही ठेवायची. कुलूप नाही, भाडं नाही, वहीत नाव नाही.

मी विचारलं, "अन् बिल्ला?"

"बिल्ला नाही. विश्वास."

"विश्वास कोन्त्या हँडलले बांधू, साहेब?"

साहेब हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

मी फार ताणलं नाही, त्याला कारण होतं. साहेबांनी शब्द दिला होता की योजना दिल्लीला पसंत पडली तर मला पक्कं करतील. पक्कं म्हणजे महिन्याचा पगार, दवाखाना, आणि एका खोलीचं का होईना पण क्वार्टर. मी तेव्हा भाच्याच्या व्हरांड्यात झोपत होते. भाचेसून रोज सकाळी मी उठले की त्या जागेकडे अशी पाहायची, जणू तिथे एक कपाट छान बसलं असतं. मला त्या कपाटाच्या आधी निघायचं होतं. त्यामुळे विश्वास तर विश्वास.

आता पाटीबद्दल सांगते, कारण सगळं रामायण तिच्यापासून सुरू होतं.

साहेबांचं म्हणणं, परदेशात लोक सायकल जपतात कारण त्यांना ती परकी वाटत नाही. म्हणून प्रत्येक सायकलीच्या दांड्यांमधल्या त्रिकोणात एक पत्र्याची पाटी लावायची. त्यांनी मराठीत सांगितलं, "ही सायकल आपली समजून वापरा." मेश्राम बाबू ऑफिसातले क्लार्क, भंडाऱ्याकडचे. त्यांनी हिंदी केलं, "यह साइकिल अपनी समझकर उपयोग में लाएँ." आणि खाली "आज्ञा से", कारण त्या ऑफिसात आज्ञेशिवाय नळालाही पाणी येत नसे.

पेंटरने पाटी हातात धरली आणि सांगितलं, एवढं मावणार नाही. पत्रा छोटा होता. स्टोअरमधून जुन्या डब्यांचा पत्रा मिळाला होता आणि तो तेवढाच निघाला. "आज्ञा से" कमी करा म्हटलं तर मेश्राम बाबू ऐकेनात. मग "उपयोग में लाएँ" लहान करायचं ठरलं. साहेब म्हणाले, "वापरें." मेश्राम बाबू म्हणाले, "साहेब, ते हिंदीत नाही." मग कोणी "बरतें" म्हणालं. साहेबांना त्यात बर्तन ऐकू आलं. शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. "रखें लिहा. म्हणजे नीट ठेवा, जपून ठेवा. सगळं आलं त्यात."

पाटी झाली: "यह साइकिल अपनी समझकर रखें। आज्ञा से।"

मेश्राम बाबूंनी वाचली, मी वाचली, साहेबांनी दोनदा वाचली. तिघंही मराठी. कोणाच्याच कानाला काही खटकलं नाही. पेंटर छत्तीसगढी होता. त्याने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, आणि मान खाली घालून सगळ्या पाट्या रंगवून दिल्या. सगळ्यात पहिली सायकल त्यानेच नेली, हे मला फार उशिरा कळलं.

उद्घाटन झालं. एक मोठे अधिकारी सफारी सूट घालून पिवळ्या सायकलीवर बसले, दोघांनी धरलं, फोटो निघाला, ते उतरले आणि मोटारीत बसून गेले. तो फोटो ऑफिसात लागला. त्यात धरणारे दोघे कापले होते.

पहिल्याच दिवसापासून घोळ सुरू झाला. सकाळी सगळ्यांना एकाच दिशेला जायचं असतं, प्लांटच्या गेटकडे. पहिल्या पाळीचा भोंगा होईपर्यंत सेक्टरांतले स्टँड रिकामे आणि सगळ्या सायकली गेटवर. जनरल शिफ्टचे बाबू लोक नंतर यायचे आणि मला शिव्या घालून बसकडे पळायचे. बाजाराला जाणाऱ्या बायका नळ्यांवर बसून गप्पा मारायच्या, स्टँडचा तेवढा एक उपयोग होता. यावर साहेबांनी उद्यान विभागाचा ट्रक लावला. तो रोज गेटवरून सायकली भरून सेक्टरांत आणायचा. बसमध्ये माणसं लटकायची आणि सायकली ट्रकमध्ये ऐसपैस बसून घरी यायच्या. ड्रायव्हर त्या कुंड्या फेकाव्यात तशा खाली टाकायचा. एकेकीचं मडगार्ड वाकायचं, पॅडल तुटायचं. वर त्यांना शेणखताचा वास यायचा.

सायकली सगळ्यांच्या होत्या, म्हणून कोणी तेल घातलं नाही. आधी घंट्या गेल्या. मग ब्रेकचे रबर. मग ज्यांच्या घरच्या सायकलीचं चाक डुगडुगत होतं त्यांनी ते इथे बसवलं आणि इथलं तिथे. साहेबांना सांगितलं की म्हणायचे, "थोडा वेळ द्या. लोकांना अजून आपली वाटली नाही."

वाटली. दसऱ्याला वाटली.

भिलाईत यंत्राला फार मान. प्लांटमध्ये विश्वकर्मा पूजेला क्रेनलाही हार घालतात. घरी दसऱ्याला स्कूटर, सायकल, शिलाई मशीन, जे काही फिरतं त्याला हळदकुंकू. दसऱ्याच्या आदल्या दिवशी लोक स्टँडवर येऊ लागले. "बाई, धोकर लाते हैं." मला बरं वाटलं. म्हटलं, फुकटात धुऊन मिळत आहेत. ओळीने गेल्या. दसरा झाला. दुसऱ्या दिवशी मी वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी पाहिली. ट्रकवाला गेटवरून रिकामाच आला आणि खूश होऊन निघून गेला.

तर अशा अवस्थेत साहेब आले आणि कुत्रीकडे पाहत उभे राहिले. म्हणाले, "जबाबदारी कोणावर तरी येणारच, बाई. माझ्यावर येऊ शकत नाही. मी तर योजना आखली आहे." मग आवाज बदलून म्हणाले, दिल्लीचे लोक यायच्या आत सायकली स्टँडवर दिसल्या पाहिजेत, नाहीतर चोरी राखणदाराच्या नावावर लिहावी लागेल.

साहेब गेल्यावर मेश्राम बाबू हळूच म्हणाले, "मौशी, तुह्यं नाव मस्टरवर आहे. मस्टरवरच्या माणसाले काढाले कागद बी लागत नाही. नाव लिहिलं नाही की झालं."

"अन् तुमी कावून घाबरून राहिले?"

"हिंदी माह्यं होतं ना."

मी बसने रुआबांध्याच्या वस्तीत गेले. तिथला एक साहू म्हणून फिटर रोज माझ्याच स्टँडवरून सायकल न्यायचा, घर माहीत होतं. अंगणात सायकल उभी होती. मी आधी ओळखलीच नाही. पुसून लख्ख, चेनला तेल, सीटवर झालरीचं कव्हर, मागे पोराला बसायला वेताची छोटी खुर्ची. हँडलवर झेंडूचा वाळलेला हार. घंटी नवी होती. आमच्याकडे आल्यापासून कुठल्याच सायकलीला इतके चांगले दिवस आले नव्हते.

साहूने खाट टाकली, त्याच्या बायकोने चहा ठेवला. मी सरळ सांगितलं की सायकल न्यायला आले आहे.

"ए तो मोर साइकिल आय, बाई," तो म्हणाला. ही माझी सायकल आहे.

"तुम्हारी कैसे? सरकार की है."

तो चिडला नाही. उठला, पाटीवरची धूळ पंच्याने पुसली आणि एकेका शब्दावर बोट ठेवत मला वाचून दाखवलं, जसं मास्तर दुसरीतल्या पोराला दाखवतो. "यह साइकिल अपनी समझकर रखें। आज्ञा से।" मग म्हणाला, "अपनी समझी. फिर रख ली. आज्ञा है बाई, टालें कैसे?"

मी चहाची बशी खाली ठेवली. रोज ती पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती. मराठीत आपली म्हणजे तुझी आणि माझी, दोघांची मिळून. हिंदीत अपनी म्हणजे ज्याची त्याची. आणि "रखें" म्हणजे काय, ते वाळलेल्या हारात दिसतच होतं. साहेबांनी सगळ्या भिलाईला लेखी हुकूम दिला होता की सायकली घरी न्या. उशीर झाला तो एवढ्यासाठीच, की लोकांचा आधी त्यावर विश्वास बसला नाही.

मी म्हटलं, ती चुकीची पाटी आहे. साहूची बायको आतून म्हणाली की पूजा झाली आहे, आता कशी देणार? पूजा चुकीची नव्हती. मी सांगितलं की सायकल दिसली नाही तर माझी रोजी जाईल. साहू चांगला माणूस होता. विचार करून म्हणाला, "देखाए बर चाही त एक दिन बर ले जा. फेर साँझ के लहुटा देबे." दाखवायला पाहिजे तर एक दिवस ने, संध्याकाळी परत कर. मग आठवून म्हणाला, पण इतवारी. बाकी दिवशी मी ड्यूटीवर कशाने जाऊ?

आणखी चार घरी गेले. कुठे कव्हर वेगळं, कुठे खुर्चीऐवजी दुधाचे कॅन. उत्तर तेच. एकाने तर मला बजावलं की इतवारी नेली तरी जपून चालवा, तुमच्याकडे लोक नीट ठेवत नाहीत.

साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. ते उभे होते, बसले.

"म्हणजे सरकारची सायकल सरकारनेच उसनी आणायची?"

"होय. इतवारी. अन् दिल्लीवाले बुधवारी येऊन राहिले."

साहेब पोलिसांत जाऊ म्हणाले. मेश्राम बाबू खालमानेने म्हणाले की पोलीस आधी पाटी वाचतील, आणि मग विचारतील की आज्ञा कोणाची. साहेबांनी पोलिसांचं नाव सोडलं. मग म्हणाले, पाट्या काढून आणा. मी म्हटलं, पाट्या सायकलीले आहेत. मेश्राम बाबूंनी फाइल बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

बुधवारी मी चांगलं लुगडं नेसून गेले. काढणारच आहेत तर निदान धुतलेल्या लुगड्यात काढतील. चाक नसलेली सायकल स्टँडच्या मागे लपवली आणि कुत्रीला हाकललं. ती पाच मिनिटांत परत आली. तिलाही जागा सोडवत नव्हती.

दिल्लीचे साहेब दुपारी आले. जाड चष्मा, हातात पॅड, मागे चार माणसं. देशकर साहेबांचा रुमाल कपाळावरून खाली येत नव्हता. दिल्लीच्या साहेबांनी रिकाम्या नळ्या पाहिल्या. इकडून तिकडे चालून आले. मग त्यांनी मलाच विचारलं, "साइकिलें कहाँ हैं?"

देशकर साहेबांनी डोळे मिटले. खोटं सांगून मला क्वार्टर मिळणार नव्हतं आणि खरं सांगून व्हरांडाही राहिला नसता. मी म्हटलं, "चल रही हैं, साहब."

"सारी?"

"सारी. एक भी खाली नहीं खड़ी."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. चाक नसलेली खाली पडली होती, उभी नव्हती.

दिल्लीच्या साहेबांनी मागच्या माणसांकडे पाहिलं. म्हणाले, दुसऱ्या एका शहरात त्यांनी असाच स्टँड पाहिला, तिथे सायकली रांगेने गंजत उभ्या होत्या. कोणी हात लावत नव्हतं. आणि इथे पाहा. त्यांनी पॅडवर लिहिलं. देशकर साहेबांनी एक डोळा उघडला.

आणि नेमका तेव्हा साहू आला. दुसऱ्या पाळीला निघाला होता, पिवळ्या सायकलीवर, मागे खुर्ची, हँडलला डबा. मला पाहून त्याने घंटी वाजवली. दिल्लीच्या साहेबांनी हात करून त्याला थांबवलं. साहू खोटं बोलणारा नव्हता, हीच पंचाईत होती.

"रोज़ चलाते हो?"

"रोज, साहब."

"मरम्मत कौन कराता है?"

"हम ही कराते हैं. और कौन कराएगा?"

"तेल-पानी?"

"हम ही."

दिल्लीच्या साहेबांनी खुर्चीला हात लावून पाहिला, झालरीला लावला. मग विचारलं, "यह साइकिल है किसकी?"

साहूने माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. "अपनी है, साहब."

दिल्लीचे साहेब गर्रकन मागे वळले. "सुना आपने? अपनी कहता है. इसी को ओनरशिप कहते हैं." ओनरशिप म्हणजे मालकी. पण त्यांच्या इंग्रजीत तो एखादा गुण असावा, कारण चौघांनी मान डोलावून लिहून घेतला. मग त्यांनी वाकून पाटी वाचली आणि देशकर साहेबांना विचारलं की हे शब्द कोणाचे. साहेब म्हणाले, "माझेच." मेश्राम बाबूंच्या चेहऱ्यावर इतकी सुटका मी त्यांच्या लेकीच्या लग्नातही पाहिली नाही. दिल्लीच्या साहेबांनी तो मजकूर उतरवून घेतला. दुसऱ्या शहरांतही हाच लावू म्हणाले.

ती शहरं कोणती, मला माहीत नाही. तिथल्या लोकांचं भलं झालं असेल.

देशकर साहेब बढतीवर भोपाळला गेले. जाताना शब्द पाळला, हे सांगितलं पाहिजे. इतक्या चाललेल्या योजनेला पक्की राखणदार हवीच, असं त्यांनी लिहिलं. मला खोली मिळाली. भाचेसुनेने त्याच आठवड्यात कपाट घेतलं.

नव्या सायकली काही आल्या नाहीत. योजना पूर्ण यशस्वी झाली असं लिहिलं गेल्यावर पुन्हा सायकली मागणार कोण? मी रिकाम्या स्टँडवर पगार घेत बसले. मग हळूहळू लोक आपल्या सायकली तिथे लावू लागले. बाजाराला यायचं, सावली आहे, बाई बसली आहे. त्यात पिवळ्याही होत्या. काही हिरव्या झाल्या होत्या, काही काळ्या, पण दांड्यांमधला त्रिकोण कितीही रंगवला तरी पाटीचे स्क्रू दिसायचे. आता प्रत्येकीला कुलूप होतं. काहींना दोन. एवढं करून मालक मला बजावायचे, "बाई, देखना, अपनी साइकिल है."

मी पुन्हा बिल्ले काढले. एक हँडलला, एक हातात. रिटायर होईपर्यंत त्यातली एकही सायकल हरवली नाही. सरकारने ज्या सायकली राखायला मला ठेवलं होतं, त्या मी राखल्याच, फक्त मालक मध्ये बदलले.

कोणी नवी योजना काढणार असेल तर माझं एवढंच सांगणं आहे. योजना लहान असली तरी चालेल. पत्रा मोठा घ्या.